सहानंतरच्या चाली

विश्वजित कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होता. ऑर्कुटवरच्या बुद्धिबळाच्या कम्युनिटीतून त्याने पाच जणांचा संघ जमवला होता. दर गुरुवारी संध्याकाळी पाचला ऑनलाइन सामने व्हायचे. २००७ साली संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचला. तो पोचला कृष्णातमुळे, आणि विश्वजितला तेच खटकत होतं.

कागलजवळच्या खेड्यातून खेळणारा कृष्णात सहापर्यंत साधाच खेळायचा. सहानंतर त्याच्या चाली बदलायच्या. विश्वजितने त्याच्या सात डावांच्या नोंदी छापून काढल्या आणि चालींच्या वेळा तपासल्या. सातही डावांत बदल सहाच्या ठोक्याला. माणूस घड्याळ बघून हुशार होत नाही. कृष्णात चाली सुचवणारा एखादा प्रोग्रॅम चालवत असणार, आणि ते उघड झालं तर अख्खा संघ बाद होणार.

अंतिम सामन्याच्या आदल्या आठवड्यात सरावाचा डाव होता. विश्वजित न कळवता कृष्णातच्या घरी गेला. सहाला पाच मिनिटं कमी होती.

कृष्णात खुर्चीतून उठला. "सर, तुम्ही कसं काय?"

"डाव बघायला आलो."

कृष्णातने पडद्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "बसा. दूध घालून येतो. सव्वासहाला डेअरी बंद हुती."

"डाव अर्धा टाकून?"

"म्हशीला डाव कळत न्हाय की, सर."

तो किटली घेऊन सायकलवर गेला. विश्वजित प्रोग्रॅम शोधायला पडद्यावर वाकला, तोच आतून पदराला हात पुसत कृष्णातची आई चिमणाबाई आली आणि खुर्चीत बसली.

"पावणं, जरा सरका. उजेड अडतोय."

तिने माउस धरून घोडा पुढे टाकला. नऊ चालींत समोरच्याचा वजीर गेला. पडद्यावर दुसरं काहीच उघडलेलं नव्हतं.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कोण शिकवतंय? हेच्या मागं बसून तांदूळ निवडायचं, तवा बघायचं."

"आणि त्याच्या नावावर खेळता?"

"डाव सोडला की हरला म्हणत्यात. मग कुणीतरी बसाय नको?"

कृष्णात परतला, तेव्हा डाव संपला होता. विश्वजितने नोंदींचे कागद त्याच्यापुढे ठेवले; सहाच्या वेळेपुढे 'प्रोग्रॅम?' असं लिहिलेलं होतं. तो वाचत राहिला.

"प्रोग्रॅम न्हाय, सर. घरचंच माणूस हाय."

"एका नावावर दोघं. नियमात ही फसवणूकच."

दुसऱ्या दिवशी विश्वजितने आयोजकांना स्वतःच मेल केला. संघ बाद झाला. चौघा खेळाडूंनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला.

पुढच्या हंगामाची यादी घेऊन तो पुन्हा कागलकडे गेला. पहिलं नाव चिमणाबाईचं होतं. कृष्णातने यादी वरून खाली दोनदा वाचली.

"सर, माझं नाव?"

चिमणाबाईने पडद्यावरची नजर काढली नाही.

"तू दूध घालून ये. सहा वाजलं."