वाघूळबाबांच्या कानात कणीक

विक्रोळीच्या आमच्या चाळीत गुरुवारी पटांगणात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी वाघूळबाबा बहिरेपणावर इलाज करतात. चाळ मुळात हलक्या कानाची, त्यामुळे बाबांना गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही.

बाबांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. गळ्यात ताईत, त्यात वटवाघळाचे वाळलेले कान. (ज्या वटवाघळाला बाबांची चाहूल लागली नाही, त्याचेच ते.) चेला काठीच्या टोकाची घंटा कधी डोक्यावर, कधी पायांशी वाजवी आणि बाबा अचूक तिकडे बोट करीत.

"बाबा कानानं ऐकत नाहीत, ताइतानं ऐकतात!" चेला ओरडे. "ताईत बांधा, मशीन फेका!"

जयंतीनं मशीन फेकलं नव्हतं, कपाटात ठेवलं होतं. तिच्या तीन वर्षांच्या गार्गीला फार कमी ऐकू येतं. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन आठ महिने बंद होतं आणि पोरीच्या गळ्यात ताईत.

त्या गुरुवारी विमलाबाई उठल्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या.

"कानानं ऐकत नाहीत ना? मग लिंपले तरी चालतील. जयंती, प्रसादाच्या पुऱ्यांची कणीक आण गं."

"हां बाबा, दाखवाच हिला!" गर्दी खूश.

बाबांची पंचाईत झाली. विमलाबाईंनी त्यांच्या कानांच्या बाहेरच्या घड्या कणकेनं सपाट केल्या. भोकं मोकळी ठेवली. मग काठी स्वतः घेतली. घंटा डोक्यावर वाजली, बाबांनी जमीन दाखवली. पायांशी वाजली, बाबांनी आभाळ दाखवलं.

मग विमलाबाईंनी पट्टी जयंतीला बांधली. ताईत नाही, कणीक नाही. घंटा वर की खाली, तिनं सगळं बरोबर सांगितलं.

"म्हणजे हे मलापण येतं?"

"ज्याला ऐकू येतं त्याला येतं. वरचा आवाज कानाच्या घड्यांतून एका तऱ्हेनं येतो, खालचा दुसऱ्या. वटवाघळाचे कान तर केवढे, घड्याही कितीतरी. त्यांवरून त्याला आवाजाची जागा कळते. पण कान जिवंत डोक्यावर हवा ना! गळ्यात बांधला की नुसतं चामडं."

"मग माझ्या गार्गीला ताइताचा काहीच उपयोग नाही?" जयंतीनं विचारलं.

तेवढ्यात बाबा गरजले, "कणकेला विटाळ झालाय! कुणी मळली?"

मळली होती दर गुरुवारी प्रसादाच्या पुऱ्या करणाऱ्या चंपानं. तिला पटांगणातून हाकलण्यात आलं. पुढच्या गुरुवारी रांग तेवढीच होती, फक्त पुऱ्या बाहेरून मागवल्या.

जयंती मात्र दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली.

"बोलायला शिकायचं हेच वय," डॉक्टर म्हणाले. "आठ महिने फुकट घालवलेत."

"भरून निघतील ना?"

"बघू. मशीन रोज लावा."

कुणी चमत्कार दाखवला, तर नमस्काराआधी तो स्वतः करून पाहावा, एवढंच सांगणं. आठ महिन्यांपूर्वी जयंतीनं मिनिटभर डोळे मिटून घंटेकडे बोट करून पाहिलं असतं तर पुरलं असतं. आता ती दिवसभर गार्गीसमोर बसून एकच शब्द म्हणते, "आई." पोरगी तिच्या ओठांकडे बघत राहते.