बिनहुंकाऱ्याची गोष्ट

गंजाडच्या पाड्यावर हिरू गोष्ट सांगायला बसला की गप्प बसून ऐकायची सोय नव्हती. गप्प बसायचं तर आपापल्या घरी बसा ना बापहो! हिरूनं एक वाक्य टाकलं की समोरून 'हं' आलंच पाहिजे. त्याला हुंकारा म्हणतात. हुंकारा म्हणजे ऐकलं, पटलं, तू खरं बोलतोस, चल पुढं. तो नाही आला तर सांगणाऱ्यानं समजून घ्यायचं की समोरचे आपल्याला खोटारडा म्हणताहेत, आणि उठून चालू लागायचं. पहिला हुंकारा द्यायचा मान हिरूची बायको रूपी हिचा. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं तो दुसऱ्या कुणाला घेऊ दिला नव्हता. एरवी त्या दोघांचं किती पटायचं ते विचारू नका. मिठावरून भांडायची, कोंबड्यांवरून भांडायची, काही कारण नसलं तर त्यावरूनही भांडायची. पण नवं भात घरात आलं की भाताची गोष्ट हिरू सांगणार आणि पहिला 'हं' रूपी देणार, मगच पाड्यावर नव्याचा घास तोंडात पडायचा.

त्यांची लेक निलम मुंबईला, कांदिवलीत एका दवाखान्याच्या काउंटरवर काम करते. बापाच्या गोष्टींवर वाढलेली पोर. आपल्यालाही असं काही सांगता यावं असं तिला फार वाटायचं, म्हणून रविवारी वाचनालयाच्या माडीवर लेखन कार्यशाळा भरायची तिथं ती जायला लागली. पहिल्याच रविवारी फजिती झाली. एक गृहस्थ आपल्या लहानपणावरचा लेख वाचत होते, चांगला वाचत होते, आणि निलमच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हं." पुढच्या वाक्याला परत, "हं." वाचणारा अडखळला. हॉलभर माना वळल्या. कार्यशाळा घेणाऱ्या मॅडम हसून म्हणाल्या, "निलम, काही शंका आहे का? वाचन संपल्यावर बोलू या." कुणी वाईट बोललं नाही हो, उलट गोडच बोलले. पण पोरगी मेल्याहून मेल्यासारखी झाली. त्या दिवसापासून तिथं तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली, ती धरलीच.

गणपती उठले आणि मॅडमनी साहित्य मेळाव्याची घोषणा केली. प्रत्येकानं आपल्या गावाकडचा एक सांगणारा, गाणारा माणूस आणायचा. निलमनं विचार करायच्या आत हात वर केला. मॅडमना कोण आनंद झाला! "आणा, आणा, वडिलांना आणा. आठ मिनिटं देऊ." आता जी गोष्ट दिवस मावळताना सुरू होऊन जेवणं खोळंबेपर्यंत चालायची, ती आठ मिनिटांत कशी बसवायची, हे निलमला तेव्हा सुचलंच नाही. तिला एवढंच हवं होतं की या शिकल्यासवरल्या लोकांनी एकदा तिचा बाप ऐकावा. आपण कुठून आलो ते त्यांना दिसावं, आणि बापालाही दिसावं की त्याची गोष्ट पाड्याबाहेर ऐकतात.

निलम घरी विचारायला आली तेव्हा हिरू आधी नाहीच म्हणाला. "भात अजून शेतात उभं आहे. आत्ताच गोष्ट कशी सांगू?"

"बा, माझ्यासाठी."

हिरूनं खांद्यावरचा टॉवेल झटकला. "तुझ्यासाठी येतो, बाय. दुसऱ्या कुणासाठी आलो नसतो."

निघायच्या आदल्या संध्याकाळी निलमनं आईला चुलीपाशी गाठलं. "आये, तिथं हुंकारा नाय द्यायचा."

रूपी हसली. तिला वाटलं पोरगी थट्टा करते. "मग बाला कळंल कसं?"

"तिथं गप बसणं म्हणजेच मान देणं. मध्ये बोललं की लोक हसतात."

"हसू दे की. त्यांचे दात."

"आये, मला हसतील गं. मला दर रविवारी जायचं आहे त्यांच्यात."

रूपी फुंकणी घेऊन चूल फुंकत राहिली. आणि बापाला मात्र निलमनं यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो यायचाच नाही, हे ती पुरतं ओळखून होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

सगळे भावकीतल्या तुषारच्या इको गाडीतून मुंबईला पोचले. मेळावा मोठ्या हॉलमध्ये होता. हिरू धुतलेला सदरा घालून स्टेजवर बसला. समोर दोनशे तरी माणसं असतील. बापरे, एवढी माणसं आपली गोष्ट ऐकायला आली, असं त्याच्या तोंडावर उमटलं आणि निलमचा जीव सुपाएवढा झाला.

"सात भाऊ होते. त्यांची एक बहीण होती," हिरूनं सुरुवात केली आणि थांबला.

हॉल गप्प. जिवाचा कान करून ऐकत होते सगळे, खोटं कशाला बोला.

हिरूला वाटलं आवाज पोचला नाही. "सात भाऊ होते!" तो ओरडला. एक जण धावत येऊन माईक सारखा करून गेला. पुन्हा गप्प. मग हिरूनं रूपीला शोधलं. ती तिसऱ्या रांगेत निलमशेजारी बसली होती. तोंडावर पदर, नजर पायाशी. निलमनं तिचा हात घट्ट धरला होता.

हिरू पुढं गेला. पण आता तो सांगत नव्हता, कशीबशी वाट काढत होता. तेव्हा भात आपल्याकडं नव्हतं, लोक कंद खाऊन राहायचे. बहीण नदीपलीकडच्या राजाच्या खळ्यावर मजुरीला गेली. येताना तिनं अंबाड्यात मूठभर भाताचे दाणे लपवले. दर वाक्यानंतर तो तिसऱ्या रांगेकडं बघायचा आणि तिथून काही यायचं नाही. नदीत, कमरेएवढ्या पाण्यात, पहारेकऱ्यानं तिला अडवलं.

"पहारेकरी म्हणला, बाय, केसात काय आहे?"

पाड्यावर या जागी शेंबडी पोरंसुद्धा ओरडून हुंकारा देतात. इथं पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. हिरूनं वाट बघितली. खूप वाट बघितली. मग त्यानं हात जोडले आणि आठ मिनिटांची घंटी वाजायच्या आधीच तो स्टेजवरून खाली उतरला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमचे डोळे भरून आले होते. "काय शेवट केलात काका! प्रश्नावर सोडून दिलंत आम्हाला!" त्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. हिरू शालीकडं बघत उभा राहिला. आपल्याला खोटं ठरवून वर शाल का घालतात, हे त्या म्हाताऱ्याला काही केल्या कळेना.

परतताना चारोटीला चहासाठी गाडी थांबली. रूपी गाडीतच बसून राहिली. निलमला आता राहवेना.

"बा, आयेला मीच सांगितलं होतं. हुंकारा देऊ नको म्हणून. तिथली रीत तशी आहे. त्यांना गोष्ट आवडली, खरंच आवडली."

हिरू चहा फुंकत राहिला. "तू सांगितलंस. तू पोर आहेस, तिकडची झालीस. पण तिनं ऐकलं."

"माझ्यासाठी गप बसली ती!"

"मी पण तुझ्यासाठीच गेलतो." त्यानं चहा तसाच ठेवला. "बाकीच्यांचं काय, ती परकी माणसं. मी तिच्याकडं बघत होतो. तिला दिसत होतं मी बघतोय."

गाडीची काच खाली होती. रूपीनं सगळं ऐकलं. त्यानंतर घरात मिठावरून भांडण झालं नाही, कोंबड्यांवरून झालं नाही. दोघं एका घरात परक्यासारखी वावरू लागली. निलमला हे फोनवरून कळायचं. आई म्हणायची, "बरं आहे," आणि बापाकडं फोन द्यायची. तोही म्हणायचा, "बरं आहे." तिकडं कार्यशाळेत मेळाव्याचा व्हिडिओ सगळ्यांनी एकमेकांना पाठवला होता. निलमनं मात्र रविवारचं जाणं सोडून दिलं.

भात कापून झालं, झोडून झालं. नव्याच्या जेवणाला निलम घरी आली. पाड्यातली माणसं रिवाजाप्रमाणं अंगणात जमली. पोरं पुढं सरकून बसली. शेजारचा सुक्या म्हणाला, "चल हिरू, होऊ दे." हिरू ओट्यावर बसून होता. म्हणाला, "मला आता नाय येत."

"नाय येत म्हणजे? दरवर्षी येतंय ते?"

"नाय येत."

लोकांना थट्टा वाटली. तेवढ्यात रूपी घरातून बाहेर आली. हात पदराला पुसले आणि हिरूच्या समोर, जिथं ती जन्मभर ऐकायला बसली होती तिथंच बसली. तिनं कधी गोष्ट सांगितली नव्हती. आवाज चिरकत होता.

"सात भाऊ होते," ती म्हणाली. "त्यांची एक बहीण होती."

"हं!" सगळा पाडा एका सुरात म्हणाला.

रूपीनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती हिरूकडं बघत होती. त्याचे ओठ हलले, निलमला वाटलं आता म्हणेल, आता म्हणेल. बा, म्हण रे, एकदाच म्हण! पण हिरूनं मान खाली घातली आणि तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला.

"सात भाऊ होते," रूपी पुन्हा म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

निलमला ते बघवेना. ती आईजवळ सरकली आणि मोठ्यानं म्हणाली, "हं, आये, हं!"

रूपीनं मान वळवून लेकीकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर निलमला बरं वाटलं असतं.

"आता कशाला, बाय?" ती म्हणाली, आणि उठून सगळ्यांना भात वाढायला गेली.