कलावतीच्या नावाची लाईट

"मावशी, नारळ इथं फोडायचा नाही हां," मीटरचा स्क्रू आवळता आवळता संदेश म्हणाला. "पाणी उडालं ना, तर आधी मी जाईन आणि मग तुमची बिल्डिंग."

कलावतीने मुकाट्याने नारळ पिशवीत परत ठेवला. हळदकुंकवाची पुडी मात्र तिने हातातच धरून ठेवली. नवी होडी पाण्यात लोटायच्या आधी तिला हळदकुंकू लागतं, मग विजेच्या मीटरने काय घोडं मारलं होतं? संदेश टेस्टर शोधायला बॅगेकडे वळला तशी तिने बोट बुडवून मीटरच्या कोपऱ्याला कुंकू टेकवलं.

"अहो मावशी!"

"कोपऱ्याला लावलंय रे. तुजे स्क्रूला नाय लावलं."

वीज कंपनीचा हा पोरगेला फिटर हसला आणि कामाला लागला. आंबिवलीच्या त्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत एक भिंतच्या भिंत मीटरांनी भरली होती. काहींवर तांबडे ठिपके लुकलुकत होते, काही खोकी अजून रिकामीच होती. सगळ्या बिऱ्हाडांची नाडी इथं एका भिंतीवर चालत होती म्हणा ना. कलावती तोंडात बोट घालून बघत राहिली. त्या गर्दीत एक खोकं तिचं होतं. वर मार्करने ५०४ लिहिलेलं.

"नाव वाच ना परत."

"मगाशीच वाचलं की!" असं म्हणत संदेशने मोबाईल पुन्हा वर केला. "कलावती दगडू तरे. बास?"

बास कसलं! तिला तर ते नाव कुणी दिवसभर वाचलं असतं तरी चाललं असतं. दगडू गेला तेव्हापासून ती कल्याणच्या खाडीलगतच्या वाडीत, दिराच्या घराच्या मागच्या पडवीत राहत होती. सुके बोंबील, जवळा विकायची आणि आपलं आपण खायची. चूल तिची होती, लाईट मात्र दिराची. दिराच्या, म्हणजे आनंदाच्या, खिडकीतून एक वायर निघायची आणि पडवीतल्या बल्बला लागायची. बटण पलीकडे, त्यांच्या भिंतीवर. आनंदा काही वाईट माणूस नव्हता. विजेचा एक पैसाही त्याने कधी मागितला नाही. पण कुटुंबासकट एकवीरेला निघाला की सवयीने मेन बंद करून जायचा आणि तो परत येईपर्यंत कलावती चिमणीवर दिवस काढायची. कधी तिचा बल्ब जरा जास्त वेळ जळला की आतून जाऊबाईंचा गोड आवाज यायचा, "निजलीस का गो?" तो प्रश्न नव्हता, हे कलावतीला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. "निजते, निजते," असं ती म्हणायची आणि पुढच्या क्षणी पडवीत अंधार व्हायचा. बोलून कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण आत कुठेतरी ते रोज टोचायचं.

मग वाडीची जागा रस्त्यात गेली. चूल वेगळी म्हणून मोजणीत तिचं घर वेगळं धरलं गेलं आणि आंबिवलीत पाचव्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर तिच्या वाट्याला आलं. जोडणीसाठी ती लाईटच्या ऑफिसात गेली, तेव्हा विनिता नावाच्या बाईंनी तिला विचारलं, "लोड किती पाहिजे?"

कलावतीने डोळे मोठे केले.

"म्हणजे घरात काय काय लावणार? फ्रिज, गिझर, एसी?"

"एक बल्ब. एक पंखा."

"एवढंच? अहो, जरा जास्त मागा की. तुमचं स्वतःचं कनेक्शन आहे."

तुला किती उजेड हवा, असं आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी बाहेर पडून रिक्षात बसली तरी ती आपली एकटीच हसत होती. रिक्षावाल्याने दोनदा आरशातून बघितलं.

आज मीटर लागला होता. आज दिवेलागणीला आपल्या घरात, आपल्या बटणाने, आपल्या नावाची लाईट लावायची, एवढं एकच तिच्या मनात होतं. दुसरं काही म्हणजे काहीच नव्हतं.

"चला," संदेशने फ्यूज आत दाबला. "वर जाऊन बटण दाबा."

दोघं वर आली. कलावतीने पदराने हात पुसला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बल्ब आपला ढिम्म. आणि त्याच वेळी समोरच्या ५०३ मधून बाईमाणसाची आरोळी आली, "आली! आई, लाईट आली!"

"त्यांच्यात कशी येईल?" संदेश गोंधळला. "त्यांचा तर मीटरच लागला नाहीये अजून. कागदात नाव चुकलंय त्यांचं." त्याने कलावतीच्या दाराआडची पेटी उघडली, टेस्टर लावला, खाली धावत जाऊन आला आणि कपाळाला हात लावला. "बिल्डरच्या वायरमनने घोळ घातलाय. तुमच्या मीटरला त्यांची लाईन जोडलीय आणि त्यांच्या रिकाम्या खोक्यात तुमची. टेन्शन नका घेऊ, पाच मिनिटांचं काम आहे. अदलाबदल करतो. त्यांची जाईल, तुमची येईल."

कलावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नशिबाने थट्टा करावी तरी किती! "कर लवकर," ती म्हणाली. "सांज व्हायला आली."

संदेश जिन्याकडे वळला. ती मात्र समोरच्या दाराशी गेली. शेजार आहे, न सांगता लाईट घालवणं तिला बरं वाटेना. न सांगता घालवलेली लाईट काय असते, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दार उघडंच होतं. आत खाटेवर एक वाळकीशी म्हातारी बसली होती आणि तिच्या पायाशी तिची सून, दक्षता, डोळे पुसत होती.

"मावशी, या ना," दक्षता हसत, रडत म्हणाली. "भाड्याची खोली सोडायची वेळ आलेली, म्हणून मीटर नसताना राहायला आलो. आल्यापासून सासूबाईंचं एकच, घरी चला, घरी चला. विसरतात ना त्या. जुन्या खोलीत हाताला सगळं ठाऊक होतं. इथं अंधार पडला की भिंती चाचपत फिरतात. काल तर मलाच म्हणाल्या, कोण गं तू, मला माझ्या घरी सोड. जेवल्या पण नाहीत. आणि आता बघा..."

म्हातारी बघत होती. आधी तिने बल्बकडे पाहिलं. मग कोनाड्यातल्या देवांकडे, खुंटीवरच्या आपल्या लुगड्याकडे, आपल्या पितळी तांब्याकडे. एकेका वस्तूवर थांबत तिची नजर सावकाश सुनेपाशी आली आणि तिचा चेहरा उजळला.

"दक्षता, आगं बसलीस काय? च्या टाक की."

मग तिने दोन्ही हात जोडले आणि दिवेलागणीला करावा तसा त्या बल्बला नमस्कार केला.

खाडीचं उधाण कलावतीने पाहिलं होतं, पाण्यात गेलेला माणूस जिवंत परतलेलाही पाहिला होता. पण एका बल्बने माणसाला घरी आणलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि तो उजेड तिचा होता. तिच्या नावाचा होता! तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"मावशी!" जिन्यातून संदेशची हाक आली. "करू ना?"

"नको."

"काय?" तो चार पायऱ्या वर आला.

"नको करू. तेंचा मीटर येईपत र्‍हाऊ दे तसाच."

"अहो, असं कसं? त्यांची युनिटं तुमच्या नावावर पडतील."

"माजेच नावाव पडतील ना?" कलावतीने मान ताठ केली. "मग पडू दे."

संदेशने डोकं खाजवलं. एकदा तिच्याकडे, एकदा आतल्या म्हातारीकडे पाहिलं. "साहेबांना सांगतो," तो शेवटी म्हणाला. "त्यांचा मीटर लावीन तेव्हा दोन्ही एकदम सरळ करून देतो." आणि का कोण जाणे, जाताना तो कलावतीच्या पाया पडला.

झाला प्रकार ध्यानात येताच दक्षता ओशाळली. "मावशी, तुमची लाईट आम्ही... असं नको. थांबा, मी आमच्यातून एक वायर टाकते तुमच्याकडे. होल्डर आहे घरात."

वायर म्हटल्याबरोबर कलावती एकदम मागे सरली.

"वायर नको गो," ती म्हणाली. "दार उघडं ठेव. तेवढा उजेड पुरे."

सांज झाली. दोन्ही दारं उघडी राहिली. ५०३ मधला उजेड मधला पॅसेज ओलांडून कलावतीच्या उंबऱ्यावरून थोडासा आत आला. तेवढ्या उजेडात ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. तिच्या मागची सगळी खोली काळोखात होती, पण आज तिला त्या काळोखाचा राग येत नव्हता.

समोरची म्हातारी बराच वेळ तिच्याकडे बघत होती.

"कोन गं ती? आंधारात बसलीय बिचारी," ती सुनेला म्हणाली.

"आई, अहो त्यांचीच तर..."

कलावतीने दक्षताकडे पाहून नुसती नकारार्थी मान हलवली.

"लाइट न्हाई व्हय गं तुमच्यात?" म्हातारीने हात पुढे केला. तिच्या आवाजात माया होती, आणि घरमालकिणीचा थोडा तोराही. "आगं मग हितं येऊन बस की. आमच्यात हाये."

कलावतीने सूप उचललं, पदर सावरला आणि पाहुणीसारखी अवघडत तिच्या शेजारी जाऊन बसली.