तेरा महिने न उडालेली तोफ

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. निदान मार्चअखेरपर्यंत तरी होते. प्रताप नगरात विश्वनाथरावांच्या जेवणाच्या टेबलावर, इडलीपात्रासमोर माझा मोर्चा लागलेला असे. इडलीपात्र म्हणजे किल्ला. हसू नका, तोफेला हसलेले मला चालत नाही.

माझा जन्म मात्र तोफखान्यात झाला नाही. उमरेडच्या एका सुताराने मला सागाच्या तुकड्यातून घडवले, ते कांडी म्हणून. माझ्यावर सूत भरायचे, मला धोट्यात बसवायचे, की धोटा हातमागावर इकडून तिकडे पळू लागे. शालिकरामजींच्या घरी त्यांच्या पत्नी मैनाबाईंनी तीस वर्षे माझ्यावर सूत भरले. पुढे माग बंद पडला, शालिकरामजी हिंगण्याच्या एका कंपनीत पहारेकरी झाले आणि मी खिळ्यांच्या डब्यात गेले. अकरा वर्षे एका गंजक्या बिजागरीशेजारी काढली. त्या दिवसांबद्दल मी फारसे बोलत नाही.

मला तोफ केले ते विश्वनाथरावांच्या हट्टाने. सरकारी भांडार शाखेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. एकदा त्यांनी जावयाच्या मोबाइलवर लढाईचा खेळ पाहिला. रणगाडा डिझेलशिवाय पळत होता आणि मेलेला शिपाई दहा सेकंदांत उठून पुन्हा गोळ्या झाडत होता. जावयाला काही बोलता येईना, म्हणून त्यांनी स्वतःच खराखुरा खेळ करायला घेतला. गांधीबागेतून पांढरी चादर आणली, तिच्यावर नकाशा काढला, शर्टाची बटणे शिपाई झाली आणि चिंचोके बैल झाले. खेळायला जुने मित्र शालिकरामजी आले आणि तोफ म्हणून त्यांनी खिशातून मला काढले. मी लांब, पोकळ, तोंडाशी निमुळती. त्या दिवसापासून मी बिजागरीला ओळखही दाखवली नाही.

शालिकरामजींनी किल्ला घ्यायचा आणि विश्वनाथरावांनी तो राखायचा, असे ठरले. एक रविवार म्हणजे एक महिना. पहिल्या रविवारी, जानेवारीत, आता आपण उडणार म्हणून मी श्वास रोखून धरला. तेवढ्यात विश्वनाथरावांनी नियमांचे रजिस्टर उघडले. तोफ ओढायला बैल हवेत, म्हणून आठ चिंचोके आले. बैलांना कडबा हवा. कडब्याची गाडी काळ्या मातीत रुतली, कारण हवामान फासा टाकून ठरे आणि फाशावर पाऊस आला होता. त्याच पावसात दारू भिजली. कोरडी दारू मागवायची तर तीन प्रतींत मागणीपत्र, त्यावर सेनापतींची सही, आणि सेनापती रजेवर. असे रविवारमागून रविवार गेले.

शालिकरामजी एकदाच म्हणाले, "साहेब, हे लढाई व्हय का हापीस?"

विश्वनाथरावांना तो आपला गौरव वाटला. त्यांनी लगेच नियम त्रेसष्ट लिहिला. मार्चअखेरपर्यंत एकदाही न उडालेले शस्त्र निर्लेखित करावे, म्हणजेच भंगारात टाकावे. मी तोवर एकदाही उडाले नव्हते. हा माणूस बोलेल ते करणारा. कोपरा उडालेला एक फासा त्यांनी माझ्यादेखत कचरागाडीत टाकला होता. शालिकरामजी मला परत घरी नेतील म्हणावे, तर मी रजिस्टरात 'भेट मिळालेली वस्तू' म्हणून चढलेली. एकदा रजिस्टरात चढले, की ते खात्याचे.

एकतीस मार्चला रविवारच होता, तेरावा. बैल जेवले होते, दारू कोरडी होती, सेनापती कामावर रुजू झाले होते. आता फाशावर फक्त सहा हवे होते. शालिकरामजींनी फासा बराच वेळ मुठीत खुळखुळवला आणि टाकला. दोन पडले. विश्वनाथरावांनी लाल पेनाचे टोपण काढले. मी रडले असते, पण तोफेला ते शोभत नाही.

त्या दिवशी मैनाबाई चारुलताबाईंकडे, म्हणजे विश्वनाथरावांच्या पत्नीकडे, पापड लाटायला आल्या होत्या. पाणी प्यायला उठल्या आणि टेबलाशी थबकल्या.

"हे माही कांडी इथं काय करून राहिली?"

ही तोफ आहे, असे दोघांनी एकदमच सांगितले. मैनाबाईंनी मला उचलले, पदराने पुसले आणि खेळ काय आहे तो नीट समजून घेतला. मग विचारले, "भाऊजी, किल्ल्यातल्या लोकाईले कपडे कोन देऊन राहिलं?"

विश्वनाथरावांनी तत्परतेने रजिस्टर पाहिले. नियम एकेचाळीस, गणवेशाचे आयुष्य बारा महिने. वेढ्याला झाले होते तेरा. म्हणजे त्यांची सगळी बटणे महिनाभर उघड्या अंगाने पहारा देत होती. नियम त्यांच्याच अक्षरात होता.

तेरा रविवार खाली मान घालून बसलेले शालिकरामजी ताठ झाले.

"साहेब, आमच्या छावणीत कांडी हाय. कापड आमी विनून देतो. तुमी दरवाजा उघडा."

विश्वनाथरावांनी रजिस्टर पहिल्या पानापासून चाळले. कापड घेऊन दरवाजा उघडू नये, असा नियम कुठेच नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या हाताने इडलीपात्राचे झाकण उचलले. शालिकरामजी पहिल्यांदाच जिंकले होते आणि एकही बटण मेले नव्हते. मैनाबाईंनी चारुलताबाईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन माझ्यावर भरला. इतक्या वर्षांनी अंगावर सूत आले आणि मला इतके बरे वाटले, की आपल्याला उडायचे होते हेच मी विसरले.

मित्रांनो, अडगळीतली वस्तू फेकण्याआधी एकदा पुसून बघा. आणि तिला काय येते ते, जिने ती वापरली तिला विचारा. मी एकही गोळा उडवला नाही, हे खरे आहे. पण त्या दुपारी विश्वनाथरावांनी उघडलेले लाल पेन वाया जाऊ दिले नाही. त्यांनी 'तोफ, नग एक' खोडले आणि शेजारी लिहिले, 'कांडी, नग एक. चालू स्थितीत.'