खिशातला रोटर

मास्तरांची गाडी विलायती बनावटीची, आणि वयानं मास्तरांपेक्षा थोडीशीच लहान. तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच; जे होतं ते मात्र आळीपाळीनं, न चुकता बिघडायचं. तेल गळायचं, म्हणून खाली कायम एक जुनी परात ठेवलेली. गळायचं थांबलं की काळजी करायची, कारण मग तेल संपलेलं असायचं.

दर रविवारी सकाळी दाजी यायचे. दाजी म्हणजे मास्तरांच्या ताईचे यजमान. जन्मभर छापखान्यात मशीन चालवलेला, बोलायचा भारी आळस असलेला माणूस. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांची विलायती मोटरसायकल दारातच बंद पडली. होणाऱ्या बायकोशी दोन शब्द बोलायचं सोडून हे मेहुण्याला हाताशी घेऊन कार्बोरेटर साफ करत बसले. ताईनं तो किस्सा शेवटपर्यंत रंगवून रंगवून सांगितला.

दोघांचं बोलणं म्हणजे "पाना दे", "हा नको, इंचवाला", "आता हँडल मार" एवढंच. आत ताई आणि मास्तरांची बायको बोलायच्या, ते चौघांना पुरायचं. ताई गेली, तरी पुढच्या रविवारी दाजी आले, बॉनेट उघडलं, मास्तरांनी पाना दिला. सांत्वन वगैरे त्या दोघांना जमणारं नव्हतं, आणि गाडी होती म्हणून ते करायची वेळही आली नाही.

मग मास्तरांचा मुलगा सुट्टीवर आला. मायाळू पोरगा, बापानं वाकून वाकून कंबर मोडून घेऊ नये एवढंच त्याचं म्हणणं. गॅरेजवाल्याला गाठून त्यानं नवा कार्बोरेटर, नवी वायरिंग, नवे ऑइल सील, सगळं बसवून घेतलं आणि परत गेला. गाडी किल्ली फिरवताच सुरू व्हायला लागली. परात कोरडी ठणठणीत. मास्तरांना खरंच आनंद झाला, तो रविवारपर्यंत टिकला.

दाजी आले. मास्तरांनी कौतुकानं गाडी सुरू करून दाखवली. दाजींनी कान देऊन ऐकलं. "छान झाली," म्हणाले. हत्यारांची पिशवी काही उघडली नाही. चहा झाला आणि दोघं समोरासमोर बसून राहिले. एवढ्या वर्षांत आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघत असे कधी बसलोच नाही, हे तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं. "येतो," म्हणून दाजी निघाले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

"फोन करा की," बायको म्हणाली.

"करून बोलू काय?"

"जेवायला या म्हणा."

मास्तरांनी केला. "कशाला उगाच वहिनींना त्रास," दाजी म्हणाले आणि विषय संपला.

त्या दिवशी मास्तरांना ताईची फार आठवण आली. ती होती तोवर दाजी आपले कोण, असा प्रश्नच नव्हता. आता ती नाही, गाडी ठणठणीत, आणि दाजी तिकडे दोन खोल्यांत एकट्यापुरता कुकर लावून बसलेले. हा माणूस आता हातचा जाणार, हे मास्तरांना स्पष्ट दिसायला लागलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं आणि आतला रोटर उपसून घेतला. अंगठ्याएवढा काळा तुकडा, तेवढाच काय तो जुना राहिलेला. तो नसला की प्लगला ठिणगी जात नाही. तो शर्टाच्या खिशात टाकून झाकण लावलं आणि फोन केला. उभा जन्म पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस, पण आवाज जराही कापला नाही.

"दाजी, गाडी सुरू होत नाही."

"सामान नवं ना सगळं?"

"नवंच."

"बघू उद्या."

सकाळी चहाच्या आधीच दाजी पिशवी घेऊन हजर. मास्तरांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. दाजींनी सरळ डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाला हात घातला. मास्तरांना स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं ह्या माणसाच्या हाताखाली काढली, आणि तो सगळ्यात आधी जिथं बघतो तिथलंच सामान काढून ठेवलं, गाढवासारखं. त्यांचा हात आपोआप खिशावर गेला.

दाजींनी आत बघितलं. मग मास्तरांच्या खिशाकडे बघितलं. झाकण होतं तसं परत बसवलं.

"कार्बोरेटर खोलावा लागेल," म्हणाले.

"नवा आहे तो."

"असू दे. पाना दे."

खोलला. आत धुळीचा कण नव्हता, तरी पेट्रोलनं नीट धुतला. दुपारी बायकोनं न विचारताच तिसरं ताट वाढलं. जेवताना दाजी पहिल्यांदाच ताईबद्दल बोलले. पेट्रोलच्या वासानं तिचं डोकं दुखायचं, पण रविवारी ही पिशवी तीच दारात आणून ठेवायची, म्हणाले. मास्तरांनी आमटीचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.

संध्याकाळी कार्बोरेटर जागेवर बसला. गाडी अर्थातच सुरू झाली नाही.

"एका दिवसाचं काम नाही हे," दाजी म्हणाले. हत्यारं पुसून पिशवीत भरली आणि पिशवी तिथंच भिंतीशी ठेवून दिली. फाटकापर्यंत जाऊन थांबले.

"मास्तर, शर्ट धुवायला टाकशील तेव्हा खिसा बघ. तो तुकडा आता कुठं मिळत नाही."