जागरणवाल्यांच्या घरातली उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे, सावरीच्या कापसाची. माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. तुम्हीही माणसंच आहात, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

मालनच्या आईने कोकणात सावरीची बोंडं वाळवून, सरकी काढून मला शिवलं. लग्नानंतर मालन मला मुंबईत, नाहूरला घेऊन आली. तेव्हा पाहुणे माझ्या मऊपणाचं कौतुक करत. मग घरात फोमच्या उशा आल्या आणि मी सोफ्याच्या कोपऱ्यात गेले. त्या फोमच्या उशांनाही फारसं काम नाही म्हणा. मालनचा मुलगा नितेश डोळे मिटेपर्यंत मोबाइल बघतो आणि "चार तास झोप बस झाली यार," असं सांगत फिरतो. जणू कमी झोपल्याबद्दल त्याला कुणी शाल-नारळ देणार आहे!

गणपतीत तर हे घर अक्कल गहाणच ठेवतं. रात्रभर भजन करायचं आणि जो आडवा होईल त्याची वर्षभर टिंगल करायची. यंदा पेटी उंच व्हावी म्हणून मला तिच्याखाली सारलं. पेटी वाजवत होता नितेश. मधूनच तो वडिलांना, धोंडिरामांना, सांगायचा, "बाबा, तुम्ही झोपा. या वयात जागलात की डोकं चालत नाही."

सकाळी मालन नितेशसमोर बसली. तिला नाश्त्याआधी इन्सुलिन लागतं आणि ते रोज नितेशच देतो. त्याने दिलं, सुईचं टोपण पेटीखालून बाहेर आलेल्या माझ्या कोपऱ्यावर टाकलं आणि चहा प्यायला. मग नवी सुई लावून म्हणाला, "आई, बस गं. इंजेक्शन राहिलंय."

"मघाशी दिलंस ना रे?"

"नाही गं. तू विसरलीस."

"असेल बाबा. जागरणाने माझंच डोकं फिरलंय," म्हणत तिने पदर बाजूला केला.

मित्रांनो, ते औषध दुसऱ्यांदा गेलं असतं तर साखर उतरून तिची शुद्ध हरपली असती. जिवावरही बेतलं असतं. मला तोंड नाही, याचं इतकं दुःख कधी झालं नव्हतं.

भिंतीला टेकून जांभया देणारे धोंडिराम ओरडले, "मेल्या, हात मागे घे! मगाशीच दिलंस मां! टोपण बघ उशीवर!"

नितेशने टोपण पाहिलं आणि सुई खाली ठेवली. हाच तो चार तासांत भागणारा तरुण मेंदू. डोळे टक्क उघडे होते आणि आत कुणीच नव्हतं.

आता धोंडिरामांचं कौतुक करणार असाल तर थांबा. "बघलंस? म्हाताऱ्याचा डोक्या चालता हां!" म्हणत ते दिवसभर मिरवले. नितेश दुपारी घोरत पडला आणि संध्याकाळी ताजातवाना झाला. धोंडिरामांना मात्र पुढे कितीतरी रात्री धड झोप येईना. त्यांनी दोनदा दूध उतू घालवलं आणि दोन्ही वेळा मालनवरच ओरडले. बापलेकांत हुशार कोण, हे ठरवण्यात मला काडीचा रस नाही.

इंजेक्शनच्या त्या दिवशीच दुपारी, विसर्जनाला निघण्याआधी, मालनने मला पेटीखालून ओढून काढलं, झटकलं आणि माझ्यावर डोकं टेकलं. तिचा मला राग येत नाही. ती झोपली आणि तिचा श्वास नीट चालतोय ना, हे मी घाबरून ऐकत राहिले.

जागरणं हवी तितकी करा. पण सकाळी ज्याच्या हातात आईची सुई असेल, त्याला रात्री माझ्याकडे पाठवा. मी त्याची टिंगल करणार नाही.