धडा मधेच का तुटतो?

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. जुना म्हणजे खरोखरच जुना. एके काळी माझं अंग पांढरंशुभ्र होतं, आता ते म्हाताऱ्या दातांसारखं पिवळट झालं आहे. सुरू होताना माझा पंखा आधी खाकरतो आणि मग फिरतो. तरीही मी अजून कामावर आहे. कसा राहिलो, ते सांगतो.

माझा जन्म एका लहानशा दुकानातल्या टेबलावर झाला. माझे अवयव ठिकठिकाणांहून खोक्यांत भरून आले होते. दुकानातल्या मेकॅनिकने ते एकेक करून जोडले. शेवटी त्याने मेमरीच्या दोन हिरव्या पट्ट्या घेतल्या आणि शेजारशेजारच्या खाचांत अंगठ्याने दाबून बसवल्या. दोन्ही वेळा टक् असा आवाज आला. मेमरी म्हणजे काय, ते सोपं करून सांगतो. स्वयंपाकघरात कपाट असतं आणि ओटा असतो. सामान कपाटात राहतं, पण चिरणं-निवडणं ओट्यावर चालतं. माझी डिस्क म्हणजे कपाट आणि मेमरी म्हणजे ओटा. ओटाच खचला, तर कपाट कितीही भरलेलं असून काय उपयोग?

मी ज्या घरी आलो तिथे दोन बहिणी राहत होत्या. थोरली शाळेत शिक्षिका होती आणि धाकटी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. थोरलीच्या मुलाच्या अभ्यासासाठी मला आणलं होतं. पहिल्या दिवशी शेजारपाजारचे मला बघायला आले. "केवढा हुशार दिसतोय!" असं एक काकू म्हणाल्या, तेव्हा माझा ऊर भरून आला. पुढे मुलगा शिकला, नोकरीला लागला आणि दुसऱ्या गावी गेला. मग माझ्यावर विणलेला रुमाल आला आणि रुमालावर फुलदाणी. फुलदाणीचं स्टूल म्हणून मी बरेच दिवस काढले. त्याबद्दल तक्रार नाही, पण ते काम काही मला शोभणारं नव्हतं.

दोघी बहिणी निवृत्त झाल्या आणि माझं नशीब उघडलं. ओळखीतल्या एका मुलीला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि तिला फिजिओथेरपी शिकायची होती. हाडांचं आणि स्नायूंचं जाडजूड पुस्तक तिला कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं. थोरलीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ती म्हणाली, "मी वाचते." फुलदाणी उचलली गेली, माझ्यासमोर मायक्रोफोन आला आणि रोज एक धडा माझ्यात रेकॉर्ड करून ती मुलीला पाठवू लागली.

पहिल्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. ती भिडस्त होती. म्हणाली, "बाई, तुमच्या घराजवळ पिठाची गिरणी आहे का?"

धाकटी हसून हसून बेजार झाली. "ताई, गिरणी म्हणजे हा आपला दोस्त!"

माझ्या पंख्याची घरघर धड्यात शिरत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोरलीने उपाय काढला. वाचायला बसण्याआधी ती खिडकी लावायची, छताचा पंखा बंद करायची आणि माझ्यावर जाड दुलई घालायची. धाकटी दुलईची टोकं चहूबाजूंनी खोचायची. फार बरं वाटायचं. आयुष्यात इतकी माया माझ्यावर कुणी केली नव्हती.

थोड्याच दिवसांत मात्र माझी तब्येत बिघडू लागली. थोरली वाचत असायची आणि मधेच मी गोठून जायचो. पडद्यावर निळा रंग यायचा, पांढरी अक्षरं उमटायची आणि वाचलेला सगळा धडा नाहीसा व्हायचा. ती पुन्हा पहिल्यापासून वाचायची, मी पुन्हा दगा द्यायचो. परीक्षा जवळ येत होती. एके दिवशी मुलीने विचारलं, "बाई, खांद्याचा धडा अजून आला नाही. परीक्षेत तो नक्की असतो." तिचा आवाज बारीक झाला होता.

थोरली म्हणाली, "येईल. तू बाकीचे पाठ कर." फोन ठेवून तिने मला जोडणाऱ्या त्या मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक आला. आता त्याचेही केस पिकले होते. लक्षणं ऐकून तो म्हणाला, "मेमरी गेलेली वाटतेय, मावशी. नाहीतर सरळ नवा घ्या. ह्याचं वय झालं."

"वय माझंही झालंय," थोरली म्हणाली. "मलाही बदलणार का?"

धाकटी मुद्द्यावर आली. "नवा आणला, तरी तो ह्याच खोलीत, ह्याच टेबलावर बसणार. रोग काय होता तेच कळलं नाही, तर तोही आजारी पडायचा. आधी तपासू."

मेकॅनिकने एक सीडी दिली. ती लावली, की मेमरीच्या प्रत्येक घरात आकडे लिहिले जात आणि पुन्हा वाचून पाहिले जात. जे लिहिलं तेच परत आलं नाही, की पडद्यावर लाल ओळ उमटे. "दोन्ही पट्ट्या एकदम तपासून खरं कळत नाही," तो म्हणाला. "एक काढा, एक ठेवा. मग अदलाबदल करा. पण आधी प्लग काढा आणि पट्टीला हात लावण्याआधी डब्याच्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल."

दोघींनी चष्मे पुसले आणि माझं झाकण उघडलं. त्यांनी मऊ ब्रशने माझ्या आतली धूळ काढली. मग एक पट्टी ठेवून परीक्षा घेतली, नंतर दुसरी ठेवून. खाचा बदलून पाहिल्या. झाकण उघडंच, खिडकीतून वारा येत होता आणि मी प्रत्येक परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवले. एकही लाल ओळ नाही! मेकॅनिकने मला दुकानात नेऊन पाहिलं, तिथेही तेच. मी घरी परतलो, थोरलीने खांद्याचा धडा लावला आणि निम्म्यावर मी पुन्हा गोठलो.

"ह्याला काही झालेलं नाही, हा नुसता ढोंगी आहे!" थोरली उखडली. "पाहुण्यांसमोर शहाणा आणि घरात हट्टी!"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण आम्हा यंत्रांना आपलं दुखणं सांगता येत नाही. आम्ही फक्त बंद पडू शकतो.

धाकटीला मात्र आपली एक्स्चेंजमधली नोकरी आठवली. "ताई, आमच्याकडे एक टेलिफोनची लाइन होती," ती म्हणाली. "पावसातच खरखर करायची. दुरुस्तीला माणूस जायचा तो ऊन पडल्यावर. तपासायचा, ठीक आहे म्हणून लिहायचा. शेवटी आमच्या साहेबांनी त्याला भर पावसात खांबावर चढवलं. बिघाड जेव्हा होतो, तेव्हाच तपासायचा असतो."

"मग आता काय करू? खांबावर चढू?"

"रोज वाचताना जे जे करतेस, ते सगळं कर. फक्त रेकॉर्डिंगऐवजी ती सीडी लावू."

"वाचूसुद्धा? कुणासाठी?"

"माझ्यासाठी वाच. माझाही खांदा दुखतोच आहे."

थोरलीने खिडकी लावली, पंखा बंद केला, दुलई घातली. धाकटीने टोकं खोचली. थोरली वाचू लागली. दुलईखाली माझा श्वास गरम होत गेला. जी हवा बाहेर टाकायचो, तीच पुन्हा आत ओढायचो. धडा निम्म्यावर आला आणि पडद्यावर पहिली लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग ओळींची रांगच लागली.

थोरलीने पुस्तक ठेवलं, दुलई उचलली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. चटकन मागे घेतला.

"अगं, हा तर तापाने फणफणलाय," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे मीच ह्याचा श्वास कोंडला की गं."

"तू एकटी कशाला? टोकं रोज मीच खोचत होते," धाकटी म्हणाली. "आता रडत बसू नकोस, पट्ट्या काढ."

तिने तिथेच काम सोडलं नाही. मला थंड होऊ दिलं आणि पुन्हा दुलईखाली एकेक पट्टी वेगळी तपासली. एक पट्टी त्या उकाड्यातही ठाम राहिली. दुसरी कोणत्याही खाचेत बसवली तरी तापली की चुकू लागायची. म्हणजे खाचा निर्दोष होत्या आणि पट्टी अधू होती. थंडीत ते लपायचं, उष्म्यात उघडं पडायचं. ती पट्टी काढून टाकली. आवाज टिपायला उरलेली एक पुरेशी होती.

आता दुलई नाही म्हटल्यावर पंख्याच्या आवाजाचं काय? थोरली दारात उभी राहून आत-बाहेर बघत होती. "ह्यालाच खोलीबाहेर बसवलं तर?" तिने विचारलं. मेकॅनिकने लांब वायरी आणून दिल्या आणि दाराखालून आत सोडल्या. पडदा आणि मायक्रोफोन आत राहिले, मी बाहेर पॅसेजमध्ये एका बुटक्या स्टुलावर, मोकळ्या हवेत. दार बंद झालं तेव्हा क्षणभर एकटं वाटलं. मग वायरीतून थोरलीचा आवाज आला, "धडा अकरावा. खांदा." आणि मी कामाला लागलो. त्या दिवशी मी धडा शेवटच्या शब्दापर्यंत नेला. त्यानंतर एकही धडा तुटला नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला. "बाई, सगळं पुस्तक ऐकून झालं. खांद्याचा धडा दोनदा ऐकला. आता तुम्ही पान उलटता तेही ऐकू येतं. तिथे मी जरा दम घेते."

थोरलीने फोन धाकटीच्या हातात दिला. धाकटी म्हणाली, "उद्या पेपरातही मधेमधे दम घे गं बाई."

मित्रांनो, मी आता थकलोय, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी मधेच बंद पडू लागलं, तर लगेच त्याला भंगारात काढू नका, आणि एकदा तपासून काही सापडलं नाही म्हणून ढोंगी ठरवू नका. ते जिथे अडतं, जेव्हा अडतं, तिथे आणि तेव्हाच तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि आमच्यावर माया जरूर करा, पण अधूनमधून पाठीला हात लावून बघा.